किल्लारी : घरांची आणि मनांची पुनर्रचना

इ. स. १९९३ च्या सप्टेंबरची २९ वी तारीख अनंत चतुर्दशीची होती. लातूर जिल्ह्यांतील औसा तालुक्यांत किल्लारी नांवाचें एक मोठें, नांदतें गांव; तेथें आणि आसपासच्या खेड्यांत त्या रात्रीं गणपतिविसर्जनाची गडबड उशिरांपर्यंत चालली होती. देव पोंचवून माणसें घरीं परतलीं, थकून झोंपीं गेलीं, आणि पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं जमीन हलली. दिवस उजाडला तेव्हां गांव असें कांहीं उरलें नव्हतें. दगडमातीचे ढीग होते, त्यांतून वर आलेलीं लांकडें होतीं, आणि ढिगांवर बसून नुसत्या हातांनीं माती उकरणारीं माणसें होतीं. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून मृतांची संख्या सरकारी गणनेनें ८,००० च्या घरांत गेली. दुसऱ्या कांहीं गणना ती याहूनहि मोठी सांगतात. जखमी सुमारें १६,००० होते.

या भूकंपाचा इतिहास भूगर्भशास्त्रज्ञांनीं लिहिला, स्थापत्यविशारदांनीं लिहिला, आणि सरकारी अहवालांत तो रुपयांच्या भाषेंतहि लिहिला गेला. त्याची आणखी एक बाजू आहे. ती तितकी बोलली जात नाहीं. जीं माणसें ढिगाऱ्यांतून जिवंत निघालीं त्यांच्या मनांचें पुढें काय झालें, त्यांना कोणीं सावरलें, विशेषतः ज्यांचें सारें आयुष्य अजून पुढें पडलें होतें अशा मुलांना व तरुणांना कोणीं हात दिला, ही ती बाजू होय.

भूकंप अगदीं ध्यानींमनीं नसतांना आला असें म्हणणें पूर्ण खरें नाहीं. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीच्या परिसरांत लहान लहान धक्क्यांची एक मालिकाच होऊन गेली होती. त्या दिवसांत लोक अंगणांत, शेतांत निजले. गांव हलवावें अशी मागणीहि झाली. परंतु दक्षिणेचें पठार हा पृथ्वीचा जुना आणि स्थिर भाग, असा शास्त्राचा तेव्हांचा समज होता, आणि देशाच्या भूकंपविषयक नकाशांत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यांत घातलेला होता. धक्के थांबले, थंडी पडली, आणि माणसें पुन्हां आपापल्या माळवदाखालीं गेलीं. यांत कोणाची चूक काढतां येणार नाहीं. पण मन कांहीं न्यायाधीशासारखा हिशेब करीत नाहीं. ज्या बापानें 'आतां कांहीं होत नाहीं, आंत निजा' म्हणून मुलांना घरांत घेतलें आणि जो स्वतः शेतांतल्या खळ्यावर निजल्यामुळें वांचला, त्याच्या कानांत तें वाक्य किती वर्षें घुमत राहील, हें समजण्यास मानसशास्त्राची पदवी लागत नाहीं.

शिवाय घात केला तो घरानेंच. काळ्या दगडांच्या, नुसत्या मातींत रचलेल्या दीड-दोन हात जाड भिंती. वर सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर मातीचा थर, असें हें माळवदाचें घर. उन्हाळ्यांत गार, हिवाळ्यांत उबदार, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारें. जितका माणूस सधन तितकी त्याची भिंत जाड आणि तितका त्याच्या डोक्यावरचा भार मोठा. गरिबाच्या कुडाच्या झोंपडींतील माणसें त्या मानानें वांचलीं, आणि वाड्यांतील गेलीं. घर म्हणजे निवारा, ही माणसाच्या मनांतली सर्वांत जुनी समजूत. ती एका पहांटेंत उलटी झाली. भूकंपानंतर कित्येक वर्षें लोक पक्क्या छपराखालीं निजण्यास कचरत, दारापुढें पत्र्याचें छप्पर घालून त्याखालीं रात्र काढीत. यांत नवल तें काय?

मराठवाड्याच्या खेड्यांत दुःखाची एक जुनी व्यवस्था आहे. ज्या घरीं मृत्यु घडतो तेथें चूल पेटत नाहीं. शेजारचीं घरें पिठलें-भाकरी करून आणतात आणि घरच्यांना बळेंच दोन घास भरवतात. सोयरेधायरे लांबून समाचाराला येतात. बायका गळ्यांत गळा घालून रडतात, गेलेल्या माणसाचे गुण हेल काढून सांगतात. आणि ज्याला रडूं येत नाहीं त्याला रडवण्याचें कामहि कोणी वडीलधारी बाई आपल्याकडे घेते. दहावा, तेरावा, दुखवट्याचा आहेर, मग वर्षश्राद्ध, अशा एकेका पायरीनें दुःख उतरवून घेण्याची ती रीत. शहरांतील सुशिक्षितांना हा प्रकार कधीं कधीं जुनाट वाटतो. परंतु मनाला झालेल्या जखमेवर समाजानें करावयाच्या उपचाराची इतकी तपशीलवार योजना दुसऱ्या कोणत्या खात्यानें आंखली आहे, हें सांगणें कठीण आहे.

किल्लारीस हीच व्यवस्था कोसळली. पिठलें-भाकरी कोणीं कोणाच्या घरीं न्यावी? सांत्वन करणारा आणि ज्याचें सांत्वन करावयाचें तो, दोघेहि एकाच ढिगाऱ्यापाशीं बसलेले. त्यांत पाऊस लागला. प्रेतें इतकीं, कीं सरपण पुरेना, आणि एकेका चितेवर अनेकांना एकत्र अग्नि द्यावा लागला. कित्येकांची ओळखहि पटली नाहीं. दुसऱ्याच दिवशीं, १ ऑक्टोबरला, पितृपक्ष लागला. जिवंतांनीं मृतांना घास घालावयाचा तो पंधरवडा. आणि कित्येक घरांत घास घालण्यास कोणीहि उरलेलें नव्हतें.

मोठ्या आपत्तीनंतर माणसाचें मन कसें वागतें, हा प्रश्न शास्त्रानें तसा उशिरां हातीं घेतला. पण त्यांतलें एक आरंभींचें पाऊल आपल्याच देशांत पडलें, ही गोष्ट फारशी ठाऊक नाहीं. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारमध्यें प्रचंड भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाचें हें शासन होय असें महात्मा गांधी म्हणाले आणि रवींद्रनाथ ठाकुरांनीं त्या विधानास जाहीर विरोध केला, हा वाद प्रसिद्ध आहे. परंतु त्याच वेळीं पाटण्याचे जमुना प्रसाद नांवाचे मानसशास्त्रज्ञ लोकांत पसरलेल्या अफवा गोळा करीत होते. १९३५ सालीं त्यांचा निबंध विलायतेंतील मानसशास्त्राच्या नियतकालिकांत छापून आला. लवकरच याहून मोठा उत्पात होणार, अमक्या दिवशीं जगबुडी येणार, अशा त्या अफवा. गंमत अशी, कीं ज्यांना धक्का जाणवला पण ज्यांच्या डोळ्यांपुढें पडझड झाली नाहीं, अशा लोकांत या अफवा रुजल्या होत्या. पुढें १९५७ सालीं लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन पंडितानें याच सामग्रीवरून असा अर्थ काढला, कीं मनांत भीति आधीं येऊन बसते आणि मग ती आपल्याजोगें कारण शोधून काढते.

दुसरी घटना बोस्टन शहरांतील. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्रीं तेथील कोकोनट ग्रोव्ह नांवाच्या नृत्यगृहास आग लागून ४९२ माणसें दगावलीं. एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञानें वांचलेल्यांची व मृतांच्या आप्तांची शुश्रूषा करतांना जें पाहिलें तें १९४४ सालीं प्रसिद्ध केलें. शोक हा रोग नव्हे, परंतु त्याला रोगासारखीं निश्चित लक्षणें आहेत. तो कोंडला तर महिन्यांनीं भलत्याच रूपानें बाहेर पडतो. आणि तो निभावून नेण्यास प्रत्येक वेळीं डॉक्टरच लागतो असें नाहीं, समजूतदार धर्मोपदेशक वा समाजसेवकहि पुरतो, असें त्याचें म्हणणें. लिंडेमननें पुढें १९४८ सालीं वेलस्ली या गांवीं लोकांच्या वस्तींतच मानसिक साहाय्याचें केंद्र काढलें. आज ज्याला समाजाधिष्ठित मानसिक आरोग्यसेवा म्हणतात तिच्या उगमांपैकीं हा एक. आपल्याकडील समाचाराला जाणाऱ्या बाया हें ऐकून हंसल्या असत्या. पण शास्त्राला आपल्या वाटेनेंच यावें लागतें.

हिंदुस्थानांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालीं मंजूर झाला. तज्ज्ञ मूठभर आणि माणसें कोट्यवधि, तेव्हां प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील साध्या डॉक्टरालाच मनाचे सामान्य विकार ओळखण्यास शिकवावें, हें त्याचें मुख्य सूत्र. कर्नाटकांतील बळ्ळारी जिल्ह्यांत १९८५ पासून त्याचा प्रयोगहि झाला. मध्यंतरीं १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळची वायुदुर्घटना घडली. तेथें दुर्घटनेनंतर कांहीं महिन्यांतच स्थानिक वैद्यकीय अधिकाऱ्यांना असें शिक्षण देण्यांत आलें. किल्लारीस जाणाऱ्यांच्या पदरीं एवढीच काय ती पूर्वतयारी होती.

मराठवाड्यांत आलेल्या मनोविकारतज्ज्ञांत महाराष्ट्राला सर्वांत ओळखीचें नांव डॉ. मोहन आगाशे यांचें. रंगभूमीवरचा त्यांचा नाना फडणवीस ज्यांनीं पाहिला त्यांतल्या पुष्कळांना हे गृहस्थ व्यवसायानें मनाचे वैद्य आहेत हें माहीत नसे. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे ते संस्थापक-संचालक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीनें भूकंपाच्या मानसिक परिणामांचा जो दीर्घ अभ्यास झाला त्याचे ते प्रमुख अन्वेषक होते. आपत्तीनंतर खेड्यांतील लोकांना कोणत्या मानसिक सेवेची गरज पडते व ती ते कोठें शोधतात, या विषयावर हार्वर्ड विद्यापीठाच्या साहाय्यानें झालेल्या पाहणीचेंहि प्रमुखपद त्यांच्याकडेच होतें. दिल्लीच्या तज्ज्ञांनीं भूकंपानंतर महिन्याभरानें ४२ वांचलेल्यांची तपासणी केली होती; १९९६ सालीं ती अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक माणसें विकाराच्या व्याख्येंत बसत होतीं. बहुतेक आघातोत्तर विकारानें वा गाढ खिन्नतेनें ग्रासलेलीं. बेचाळीस ही संख्या लहान आहे, आणि तिच्यावरून साऱ्या मुलुखाचें अनुमान बांधूं नये. तरीहि किल्लारीचें दुःख जगाच्या वैद्यकांत नोंदलें गेलें तें अशा कागदांतूनच.

परंतु खेड्यांतला माणूस डॉक्टरापुढें बसून 'मला खिन्नता आली आहे' असें म्हणत नाहीं. तो म्हणतो, छातींत धडधडतें. डोकें जड झालें आहे. अन्न जात नाहीं. मन लागत नाहीं. आणि घरचीं माणसें म्हणतात, त्यानें धसका घेतला. 'धसका' या एका शब्दांत मराठीनें जें सांगितलें आहे तें सांगण्यास इंग्रजी वैद्यकाला चार शब्द जुळवावे लागतात. पण या शब्दांत एक अडचणहि दडलेली आहे. धसका घेतलेल्या माणसाला अंगारा लावतात, त्याची दृष्ट काढतात, त्याला धीर देतात. दवाखान्यांत नेत नाहींत. दवाखान्यांत नेतात तें वेडाला, आणि वेडाचा शिक्का कोणालाच नको, लग्नाच्या मुलीच्या घरीं तर मुळींच नको. म्हणून जो दवाखाना 'मनाचा' अशी पाटी लावून बसेल तो रिकामा राहणार, आणि जो छातींतल्या धडधडीपासून बोलणें सुरू करील त्याच्यापाशीं माणूस हळूहळू पोंचणार, हें त्या भागांत काम करणाऱ्यांना उमजल्यावांचून राहत नाहीं.

मुलांचा प्रश्न याहून अवघड होता. पुण्याचे शांतिलाल मुथ्था आणि त्यांची भारतीय जैन संघटना यांनीं भूकंपग्रस्त गांवांतील सुमारें १,२०० मुलें शिक्षणासाठीं पुण्यास आणलीं. एवढ्या मुलांचें जेवणखाण, शाळा, आजार, आणि रात्रीं दचकून उठणें, हें सर्व एका संस्थेनें अंगावर घेणें ही लहानसहान गोष्ट नव्हे. पुण्याजवळ वाघोलीस या कार्याचें मोठें शैक्षणिक संकुल उभें राहिलें. पुढें २०१५ सालीं आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या मुलांसाठींहि त्याचीं दारें उघडण्यांत आलीं.

दुसरा मार्ग राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनीं घेतला. पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकारानें नळदुर्गजवळ अनाथ मुलांसाठीं एक निवासी शाळा निघाली. तिचें नांवच 'आपलं घर'. येथें मुलें त्याच मातींत, त्याच बोलींत, ज्वारीच्या त्याच भाकरीवर वाढलीं. तिसरा नमुना बालग्रामाचा. हर्मन ग्माइनर यांनीं १९४९ सालीं ऑस्ट्रियांतील इम्स्ट या गांवीं युद्धांत पोरक्या झालेल्या मुलांसाठीं अशी योजना काढली, कीं वसतिगृहाऐवजीं छोटीं घरें असावींत, आणि प्रत्येक घरांत एक आई व तिच्याभोंवतीं भावंडांसारखीं आठ-दहा मुलें असावींत. भूकंपानंतर असें बालग्राम लातुरांतहि झालें. आणि या तिन्ही मार्गांच्या बाहेर राहिलीं तीं बहुसंख्य मुलें, जीं काका, मामा, आजी यांच्या घरीं गेलीं.

यांतला कोणता मार्ग मनाला अधिक मानवणारा? या प्रश्नाला एक जुना संदर्भ आहे. दुसऱ्या महायुद्धांत लंडनवर बाँब पडूं लागले तेव्हां हजारों मुलें खेड्यांकडे पाठविण्यांत आलीं. ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनीं त्या काळांत हँपस्टेड येथें मुलांसाठीं निवासगृहें चालविलीं, आणि १९४३ सालीं आपलें निरीक्षण लिहून ठेवलें: आई जवळ असेल तर मूल बाँबचा आवाजहि सोसतें, पण आईपासून तोडलेलें मूल सुरक्षित खेड्यांतहि खंगतें. या न्यायानें पाहिलें तर मुलांना दोन-अडीचशें मैलांवर नेणें सदोष ठरेल. पण किल्लारीच्या मुलांची गोष्ट वेगळी होती. ज्या आईपासून त्यांना तोडावयाचें ती आईच उरली नव्हती. पुण्यास गेलेलीं मुलें एकटीं गेलीं नाहींत. एकाच गांवचीं, एकाच वर्गांतलीं, एकाच रात्रींतून निघालेलीं अशीं शेंकडों मुलें बरोबर गेलीं. एकानें स्वप्नांत ओरडावें आणि शेजारच्या खाटेवरील मुलाला त्याचें कारण विचारावें लागूं नये, ही सोबत कोणत्याहि तज्ज्ञाला निर्माण करतां आली नसती. उलट नातलगांकडे राहिलेल्या मुलांच्या वांट्याला माया आली, तशी कोठें कोठें मृत आईबापांच्या भरपाईच्या रकमेवरची नजरहि आली. आपल्या माणसांतलें घर नेहमींच अधिक प्रेमळ, असें समजण्यांत थोडा भाबडेपणा आहे. तरी एक वजाबाकी करावीच लागेल. जें मूल शिकून पुण्यासच राहिलें त्यानें स्वतःला सावरलें खरें, पण त्याच्या गांवाला एक तरुण उणा झाला, आणि गांवाला तेव्हां तरुणांची फार गरज होती.

घरबांधणीचें काम १९९४ पासून जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्यानें मोठ्या प्रमाणावर सुरू झालें. अगदीं उद्ध्वस्त झालेलीं ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. नव्या गांवांत घर मिळालें तें जमिनीच्या हिशेबानें: भूमिहीन व अल्पभूधारक यांस २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांस ४०० आणि मोठ्यांस ७५०. घरें भूकंपांत टिकणारीं झालीं, रस्ते सरळ व रुंद झाले, पाणी व वीज आली. या कामाचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु जुन्या गांवांत वाकड्यातिकड्या गल्ल्या होत्या, भावकीचीं घरें पाठीला पाठ लावून उभीं होतीं, ओसरीवर बसलेल्या म्हातारीला सारी आळी दिसत होती. नव्या आंखणींत घरें सुटीं सुटीं झालीं, अंतरें वाढलीं. ज्या म्हाताऱ्याचें घरदार गेलें आहे त्याला सरळ रस्त्यापेक्षां समोरची ओळखीची ओसरी अधिक हवी असते, हें नकाशा काढणाऱ्याच्या लक्षांत येणें सोपें नव्हतें. भरपाईच्या पैशाबरोबर कोठें कोठें दारूहि आली, आणि तिचा भार शेवटीं बायकांवर पडला.

ज्या शेंकडों गांवांत घरें पूर्ण पडलीं नव्हतीं तेथें निराळीच गोष्ट घडली, आणि साऱ्या इतिहासांत अधिक रेंगाळावें असें हेंच स्थळ आहे. सुमारें दोन लाख घरें जागच्या जागीं दुरुस्त व मजबूत करावयाचीं होतीं. सरकार पैसे देणार, पण काम घरमालकानेंच करून घ्यावयाचें. भिंतींत आरपार सांधे कसे बसवावे, माळवदावरचा मातीचा भार कां उतरवावा, हें लाखों माणसांना समजावून कोण सांगणार? प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनें हें काम गांवच्या बायकांकडे दिलें. हजाराहून अधिक गांवांत महिला मंडळांतून स्त्रिया निवडल्या गेल्या. त्यांना 'संवाद सहायक' असें नांव मिळालें. ज्या बाईनें तोंवर चावडीची पायरी चढली नव्हती ती आतां इंजिनिअरला हप्त्याचा हिशेब विचारूं लागली.

कागदोपत्रीं हें काम भिंतींचें होतें. मनाचा शब्दहि त्यांत नव्हता. पण कल्पना करावी: एक बाई भिंतीची तड पाहण्यास शेजारणीच्या घरीं जाते, त्या तडेखालींच शेजारणीचा मुलगा जखमी झालेला असतो. बोलणें सिमेंटपासून सुरू होतें आणि कोठें जातें हें सांगावयास नको. रडणें ओसरलें, कीं पुन्हां सिमेंटवर येतें. उद्यां गवंडी किती वाजतां येणार, वाळू कोणी आणावयाची. दुःखाबद्दल बोलण्यास जागा आणि दुसऱ्या दिवशीं उठण्यास कारण, या दोन्ही गोष्टी एकाच भेटींत मिळत. जुनी समाचाराला जाण्याची रीत जेथें मोडली होती तेथें ही नवी रीत कोणीं न ठरवतां उभी राहिली. २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छचा भूकंप झाला तेव्हां लातूर-उस्मानाबादच्या कांहीं बायका तिकडे गेल्या. त्यांना गुजराती येत नव्हतें. आपलेंहि घर असेंच पडलें होतें, एवढें सांगण्यास फारशी भाषा लागत नाहीं.

भूकंपाच्या कामाचा सारा वारसा टिकला असें मात्र म्हणतां येत नाहीं. अभ्यास संपले, तंबू निघाले, तज्ज्ञ परत गेले. त्यानंतर मराठवाड्यावर दुष्काळाचें आणि कर्जाचें संकट आलें. त्याला कोणताहि एक दिनांक नाहीं, म्हणून त्याचें स्मारकहि होत नाहीं. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्यावर महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं 'प्रेरणा' नांवाचा प्रकल्प काढला: मराठवाड्याचे ८ आणि विदर्भाचे ६ असे १४ जिल्हे, घरोघर जाऊन खचलेला माणूस ओळखण्याचें काम गांवच्या आशा कार्यकर्तीकडे, आणि धीराच्या शब्दासाठीं १०४ हा दूरध्वनि. हा धागा संवाद सहायकांच्याच जातीचा आहे, फक्त मध्यें वीस वर्षें गेलीं. नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यांत २०१३ ते २०१५ या काळांत 'आत्मीयता' या उपक्रमानें ४१ गांवांत असेंच केलें. गांवांतलींच विश्वासू माणसें निवडून त्यांना ऐकून घेण्याचें शास्त्र शिकविलें. विदर्भांतील ३० खेड्यांत झालेल्या 'विश्राम' या प्रयोगाचे आंकडे तर बोलके आहेत: खिन्नतेनें ग्रासलेल्यांपैकीं पूर्वीं शंभरांत चार-पांचच मदतीपर्यंत पोंचत, गांवच्याच कार्यकर्त्यांनीं काम केल्यावर ते सत्तावीस झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानतां तो तीव्र ताणाखालीं होता असें मानावें असें ठरविलें, आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा साऱ्या देशांत सुरू झाली.

दरम्यान लातूर शहराची कीर्ति निराळ्याच गोष्टीनें पसरली. राजर्षि शाहू महाविद्यालयांत प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळांत घडलेल्या अभ्यासपद्धतीला 'लातूर पॅटर्न' हें नांव पडलें, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या आशेनें गांवोगांवचीं मुलें येथील खोल्यांत राहूं लागलीं. सोळा-सतरा वर्षांचें वय, घरापासून दूर, आणि बापानें शेत गहाण ठेवून भरलेली फी. हाहि एक भार डोक्यावरच आहे. माळवदासारखा तो डोळ्यांना दिसत नाहीं एवढेंच.

किल्लारीस दरवर्षीं ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशीं माणसें जमतात, मृतांना अभिवादन होतें. १९९३ सालीं जें मूल दहा वर्षांचें होतें त्याचींच मुलें आतां त्या वयाचीं झालीं आहेत. २०२२ च्या सप्टेंबरांत निलंगा तालुक्यांतील हासोरी या गांवीं जमिनीखालून गूढ आवाज येऊं लागले, सौम्य धक्केहि नोंदले गेले. तज्ज्ञ आले, यंत्रें बसलीं, घाबरूं नका असें सांगण्यांत आलें. हासोरीचे लोक रात्रीं अंथरुणें घेऊन घराबाहेर निजूं लागले. त्यांत असे कित्येक तरुण होते, ज्यांचा जन्मच १९९३ च्या पुढचा.